आधी पाण्याचा हिशेब

प्रिय,

जलविद्युत प्रकल्पांच्या टिपणात सरकारी आणि खासगी असे दोन रकाने आखलेस आणि मुळशी कुठे घालू म्हणून अडलीस. अडणारच. धरण टाटांचं, पण 1921 साली सेनापती बापट मावळातल्या शेतकऱ्यांसोबत ज्या जमिनींसाठी उभे राहिले, त्या सरकारनेच भूसंपादन कायदा वापरून कंपनीला मिळवून दिल्या. कोयना पूर्ण सरकारी, तरी तिथल्या धरणग्रस्तांचे पुनर्वसनाचे प्रश्न दशकानुदशकं लोंबकळत राहिले. रकाने फाडून टाक.

आधी पाण्याचा हिशेब मांड, मालकीचं मग.

कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. पण वीज करून पश्चिमेला सोडायला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने दिलं वर्षाला 67.5. पोफळीच्या वीजघरात पाणी साधारण 475 मीटर खाली येतं, तेच खालच्या कोळकेवाडी धरणातून पुन्हा सुमारे 110 मीटर. गळती-घर्षण वजा जाता एका टीएमसीतून ढोबळ चार कोटी युनिट, म्हणजे वर्षाला 270 कोटी. यंत्रं मात्र 1,960 मेगावॅटची! भागून बघ: पूर्ण ताकदीने दिवसाला चार तासही नाहीत. हे धरण संध्याकाळच्या मागणीसाठी आहे. थंड पडलेला कोळशाचा संच तासन्‌तास घेतो, पाण्यावरचा काही मिनिटांत भार उचलतो. हिवाळ्यातच रात्रंदिवस चालवलंस, तर 1 जूनला नवं जलवर्ष लागण्याआधीच कोटा संपतो, आणि एप्रिल-मेची महाग वीज बाहेरून घ्यावी लागते. इथे गफलत झाली की सरकारी काय, खासगी काय, बिल ग्राहकाच्याच माथी.

‘खासगी म्हणजे कार्यक्षम’ हे तुझं वाक्य वाचून मात्र राग आला. दाभोळच्या खासगी वीजकंपनीचा करार वाचलास का? वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरायचा, वर सरकारची हमी. 2001 मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली तेव्हा जोखीम कुणाच्या गळ्यात होती, ते त्या कलमांत आधीच लिहिलेलं होतं. यावरून मला सरकारधार्जिणा म्हणतील. म्हणोत. खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 पासून आहे, त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. माझा हट्ट एवढाच, की पाण्याचा हिशेब आधी.

तू मन लावून काम करतेस, म्हणून इतकं लिहिलं. टिपण पुन्हा कर. पहिल्या पानावर 1 जूनचा साठा, वळवलेलं पाणी, महिन्यागणिक युनिट आणि दुष्काळी वर्षातली तूट कोण सोसणार ते कलम. मालकाचं नाव शेवटच्या पानावर चालेल.