बॉनेटवरचं ग्राफिक आधी का जातं?

गाडीवर चिकटवलेलं छापील ग्राफिक फिकं पडलं, तर शाईला दोष देण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मार. दारावरचं ग्राफिक ठणठणीत आणि बॉनेटवरचं फिकट, भेगाळलेलं दिसेल. आडव्या पत्र्यावर ऊन थेट पडतं, त्यात खालून इंजिनाची धग. अतिनील किरणांनी सहसा पिवळा आणि मजेंटा (गुलाबीसर लाल) रंग आधी उडतात, म्हणून जुन्या प्रिंटमधले चेहरे निळसर, आजारी दिसतात. कॅलेंडर्ड व्हिनाइल, म्हणजे रोलरांतून दाबून केलेली स्वस्त चिकट फिल्म, उन्हात आकसतं. कडेला गोंदाची मळकट रेघ उघडी पडली की ओळख, ते आकसलंय. वळणांवर कास्ट, म्हणजे पातळ ओतून बनवलेलं व्हिनाइलच लाव, महाग असलं तरी. वरून यूव्हीरोधक लॅमिनेशन हवंच. पण सॉल्व्हंट शाईचा (उडून जाणाऱ्या द्रावकातल्या शाईचा) प्रिंट लॅमिनेट करण्याआधी किमान 24 तास मोकळा वाळू दे. घाई करून मी अख्खी व्हॅन पुन्हा सोललीय. आणि बॉनेट, टपाची हमी दारांपेक्षा कमीच सांग.