उथळ, सुटसुटीत की पाणचट?

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन सहकाऱ्यांची जुंपली. एक म्हणाला, 'हल्लीचे आरपीजी उथळ झालेत. सगळ्यांनी खेळावेत म्हणून खोलीचा बळी दिलाय.' दुसरा म्हणाला, 'उथळ कसले, सुलभ झालेत.' शेजारी डबा खात बसलेल्या तिसऱ्याने आम्हाला विचारलं आहे, की हे दोन शब्द एकाच गोष्टीचे का, आणि नसतील तर या खेळांना नेमकं काय म्हणावं? (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आरपीजी म्हणजे असे व्हिडिओ गेम, ज्यात आपण एका पात्राची भूमिका घेतो, त्याची ताकद-बुद्धी-कौशल्यं ठरवतो आणि आपल्या निर्णयांची फळं भोगतो.)

आधी त्या 'खोली'चं बघू. पाठ्यपुस्तकात समुद्राची खोली ठीक आहे, पण ठाणे-नवी मुंबईत 'खोली गेली' म्हटलं तर लोक बिल्डरचं नाव विचारतात. म्हणून बरेच जण 'सखोलता' म्हणतात. ती मला जड वाटते. 'सखोल' शब्द वर्तमानपत्रांनी चौकशीला जोडून इतका वापरला आहे, की त्यात आता काही खोल उरलेलं नाही. गेम खेळणारी मुलं सरळ 'डेप्थ' म्हणतात किंवा 'गेमात दम नाही' म्हणतात. दोन्ही चालेल.

आता 'उथळ'. त्याची बदनामी खळखळाटाच्या म्हणीने केली. एरवी तो नुसतं माप सांगणारा शब्द आहे. ओहोटीला ठाण्याची खाडी उथळ होते, म्हणून तर रोहित पक्ष्यांना तिच्या चिखलात उभं राहून चरता येतं. त्यात खाडीची निंदा नाही. माणसाला, विचाराला, खेळाला लावला की मात्र उथळ हा ठपका होतो. तेव्हा अर्थ असा, की आत उतरून शोधावं असं काही नाही, जे आहे ते वरवर दिसतंच आहे.

'सुलभ' यात कुठेच बसत नाही. उथळच्या उलट खोल, सुलभच्या उलट दुर्लभ किंवा अवघड. या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. कॅन्टीनमधले दोघे एकाच पट्टीवर दोन टोकं धरून ओढत होते, असं मला वाटतं. तिसरा एक शब्द मध्ये आणला तर भांडण मिटतं: 'क्लिष्ट'. हा 'क्लेश'चा सख्खा भाऊ, ज्याने त्रास होतो तो. क्लिष्ट म्हणजे खोल नव्हे. 1998 चा 'बाल्डर्स गेट' घ्या. तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळाच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालायचा. त्यात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भारी, म्हणजे उणे पाच हे अधिक पाचापेक्षा चांगलं. वार लागला की नाही हे कळायला वजाबाकी करा. 2000 साली नियमांची तिसरी आवृत्ती आली आणि जास्त आकडा तो चांगला, असं सरळ झालं. खेळातला एक तरी निर्णय त्यामुळे कमी झाला का? नाही. फक्त क्लेश गेला. या बदलाला मराठीत 'सुटसुटीत' म्हणतात, आणि ती शाबासकी आहे.

सोपं झालं की हलकं झालं, ही समजूत आपल्या भाषेत फार जुनी आहे. 'बाळबोध' शब्दाचंच बघा. आज 'बाळबोध कथानक' म्हटलं की नाक मुरडलेलं असतं. पण देवनागरीला बाळबोध लिपी म्हणत. पोथ्या बाळबोधीत, दफ्तरं मोडीत. मोडी हात न उचलता भरभर लिहायची, वाचायला सवय लागायची, आणि तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता. 'दिन' आणि 'दीन' मोडीत एकसारखे. पोराला कळेल अशा लिपीत बारकावे जास्त होते, जाणत्यांच्या लिपीत ते गाळलेले होते! खेळांवर वाद घालताना हे विसरू नये.

तरीही पहिल्या सहकाऱ्याची तक्रार मला खोटी वाटत नाही. फक्त त्याने सगळं एकाच शब्दात कोंबलं. एल्डर स्क्रोल्स ही आरपीजींची मालिकाच बघा. 'मॉरोविंड'मध्ये (2002) कौशल्यं 27 होती, 'ऑब्लिव्हियन'मध्ये (2006) 21, 'स्कायरिम'मध्ये (2011) 18. शिवाय ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे आठ मूळ गुण स्कायरिममधून गेलेच. आकडे वाचून कुणीही म्हणेल, गळती लागली. पण ऑब्लिव्हियनमध्ये एखादा गुण पुरता पाचाने वाढवायचा तर पातळी चढण्याआधी त्या गुणाखालची कौशल्यं मिळून दहा वेळा वाढवावी लागत. हा हिशेब वहीत मांडणारे लोक होते. भूमिका योद्ध्याची आणि काम कारकुनाचं! ते गेलं, त्याला मी सुटसुटीतच म्हणेन.

मॉरोविंडमधला पत्ता सांगण्याचा प्रकार मात्र गेला, त्याचं दुःख खरं आहे. तिथे गावकरी तोंडी सांगायचे: या वाटेने उत्तरेला जा, पूल लागला की डावीकडे वळ. नकाशावर बऱ्याचदा खूण नाही, बाण तर नाहीच. गोखले रोडवर कुणाला पत्ता विचारल्यासारखंच, तुम्ही आजूबाजूला बघत चालायचात. ऑब्लिव्हियनपासून वर होकायंत्रात खूण आली आणि नजर त्या खुणेवर खिळली. डोंगर, देवळं, वाटा नुसत्या बाजूने सरकू लागल्या. इथे 'सुलभ' अपुरा आणि 'उथळ' चुकीचा, कारण ते जग काही कमी भरलेलं नाही. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: 'आयता'. शोध आयता मिळाला की शोध राहत नाही.

आणि मग 'पाणचट'. चहा पाणचट असतो, विनोद पाणचट असतो. हा शब्द लागू व्हायला आधी काहीतरी दाट असावं लागतं आणि त्यात कुणीतरी पाणी ओतावं लागतं, म्हणून मालिकेच्या पुढच्या भागांना तो फार चपखल बसतो. 1997 च्या 'फॉलआउट'मध्ये तुम्ही पात्राची बुद्धी अगदी कमी ठेवलीत तर त्याला धड बोलताच येत नसे. नुसते हुंकार निघायचे आणि समोरची माणसं त्याप्रमाणे वागायची. एक आकडा, पण त्याने सगळं संभाषण पालटायचं. याला म्हणायचं दाट. 2015 च्या 'फॉलआउट 4'मध्ये नायकाला आवाज दिला. प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित करायचं म्हटल्यावर वाक्यं मोजूनमापून आली. पर्याय चार, कंट्रोलरच्या चार बटणांवर बसतील असे, आणि पडद्यावर त्यांचं शीर्षक एकदोन शब्दांचं. 'उपरोधिक' असं दिसतं. ते दाबल्यावर आपला माणूस काय बोलेल ते तो बोलल्यावरच कळतं. नाही म्हणायचं बटण असतं, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ 'आत्ता नाही, नंतर'. याला पाणचट म्हटलं तर माझी हरकत नाही. मात्र कारण बघा: इथे गिऱ्हाइकाची अक्कल कमी धरली असेलही, पण आवाजाचा खर्च आणि बटणांची संख्या यांनीही हात आखडला.

उरला 'सवंग'. 'महाग' आला महार्घवरून, 'सवंग' समर्घवरून. मुळात तो नुसता स्वस्त होता, मग लोकप्रियतेला चिकटला आणि शिवी झाला. सवंग म्हणताना आपण वस्तूपेक्षा करणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवतो, म्हणून जपून वापरावा. पुष्कळ लोकांनी खेळला म्हणून गेम सवंग ठरत नाही. 'एल्डन रिंग'मध्ये (2022) कामांची यादीसुद्धा दिलेली नाही, तुमचं तुम्ही लक्षात ठेवा. तरी वर्षभरात त्याच्या 2 कोटींहून अधिक प्रती खपल्या. 'बाल्डर्स गेट 3' (2023) पाळीपाळीने खेळायचा, जुन्या वळणाचा, आणि त्या वर्षीचा द गेम अवॉर्ड्समधला सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. त्यात वीस बाजूंचा फासा पडद्यावर गडगडताना दिसतो. किती पडले पाहिजेत, किती पडले, सगळं समोर. नियमांचं पुस्तक न उघडलेल्यालाही समजतं. हा गेम सुलभ आहे आणि खोल आहे. दोन्ही शब्द एकाच वाक्यात, एकमेकांना धक्का न लावता.

प्रश्नकर्त्याने जाता जाता विचारलं आहे, की इंग्रजीत या सगळ्याला 'डम्ब डाउन' असं एक ठसकेबाज क्रियापद आहे, तसं मराठीत का नाही? आहे की, फक्त ते सहायक क्रियापदात लपलंय. 'गेम सोपा केला' ही माहिती झाली. 'सोपा करून दिला' म्हटलं की उपकार आले. 'सोपा करून टाकला' म्हणताना हात झटकल्याचा आवाज येतो. आणि 'सोपा करून ठेवला' म्हटलं, की स्वयंपाकघरातला पसारा बघून आई 'काय करून ठेवलंयस हे!' म्हणते, तो सूर लागतो. पहिल्या सहकाऱ्याला सांगा, 'उथळ' सोडा आणि उद्या डबा खाताना म्हणा: 'फॉलआउट पार पाणचट करून ठेवला.' यावर दुसऱ्याला 'सुलभ' म्हणून सुटता येणार नाही.