वेताळाचं मुखपृष्ठ पुन्हा रंगवून घेण्याआधी

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. पहिल्या बोनसमधून इंद्रजाल कॉमिक्सचं एक जुनं वेताळाचं, म्हणजे फँटमचं, मुखपृष्ठ हातानं पुन्हा रंगवून घ्यायचं आहे, चित्रकार सापडलाय, तो अर्धे पैसे आगाऊ मागतोय, पाठवू का, असं विचारतेस. अर्धे आगाऊ मागणं रास्त आहे, त्यात काही खोट नाही. तरी आठवडाभर थांब. तू त्याला पाठवलेला मजकूर मी वाचला. "सेम टू सेम हवं, काहीही बदलू नका." एवढंच हवं असेल तर चित्रकाराला कशाला कामाला लावतेस? अंक चांगल्या स्कॅनरवर घे आणि जाड मॅट कागदावर छापून घे. पैसे वाचतील आणि खरोखरच सेम टू सेम मिळेल.

जुनं चित्र असं नव्यानं काढून घेण्याला रिक्रिएशन म्हणतात, आणि त्यात आपण दुसऱ्या चित्रकाराच्या हाताचे पैसे मोजतो. बालगंधर्वांचं पद पुढच्या पिढीतल्या कुणी गायलं, तर आपण चाल तीच आहे ना हे ऐकतोच, पण कान लागलेला असतो तो या गळ्यानं त्या जागा कशा घेतल्या याकडे. तसंच इथे. मूळ रचना ओळखू आली पाहिजे, आणि ती या माणसानं काढली आहे हेही दिसलं पाहिजे. यातलं दुसरं नसेल तर ते चित्र भिंतीवर सहा महिन्यांत मरतं.

हा छंद सुरू कसा झाला ते सांगतो, म्हणजे मी असं का म्हणतो ते कळेल. अमेरिकेत कार्ल बार्क्स नावाचा चित्रकार होता. डोनाल्ड डकच्या कॉमिक्स त्यानं वीसहून अधिक वर्षं लिहिल्या आणि काढल्या, अंकल स्क्रूज त्याचाच. पण त्याचं नाव कुठे छापलं जात नसे. वाचक पोरं त्याला नुसतं 'बदकं चांगली काढणारा तो' म्हणून ओळखत. १९६६ साली तो निवृत्त झाला. त्याची मूळ पानं प्रकाशकानं बहुतेक सगळी नष्ट केलेली होती, कारण छापून झालं की त्या कागदाचा उपयोग काय, असा हिशेब. मग १९७१ साली एका चाहत्यानं त्याला विचारलं, की तुमच्या एका जुन्या मुखपृष्ठाचं मला तैलचित्र करून द्याल का? बार्क्सनं डिस्नेकडे रीतसर परवानगी मागितली, ती मिळाली, आणि म्हातारा सत्तरीत तैलरंग घेऊन बसला. मागण्यांची रांग लागली. लोकांना जे हवं होतं त्याचा मूळ कागद जगात उरलाच नव्हता, म्हणून रिक्रिएशन ही दुय्यम वस्तू न राहता तीच मुख्य झाली. सुपरमॅनच्या १९३८च्या पहिल्या मुखपृष्ठाचंही तेच, मूळ चित्र उरलेलं नाही.

शेल्डन मोल्डॉफची गोष्टही मला आवडते. यानं बॉब केनच्या नावाखाली वर्षानुवर्षं बॅटमन काढला. छापील पानावर सही केनची. उतारवयात चाहत्यांसाठी जुनी मुखपृष्ठं पुन्हा काढायला लागला तेव्हा खाली स्वतःची सही करायला लागला. अशा चित्राला तू नक्कल म्हणशील का? ॲलेक्स शॉम्बर्गनंही चाळीसच्या दशकातली आपली गच्च भरलेली युद्धमुखपृष्ठं अशीच पुन्हा काढली. म्हणून बाजारात भावाची उतरंड साधारण अशी लागते. सर्वांत वर छापण्यासाठी काढलेलं मूळ पान. त्याखाली मूळ चित्रकारानंच पुन्हा काढलेलं. मग दुसऱ्या नावाजलेल्या हाताचं, आणि शेवटी आपल्यासारख्यांनी नवोदिताकडून करून घेतलेलं. तू शेवटच्या पायरीवर आहेस. ही पायरी मला सर्वांत मोकळी वाटते, कारण तिथे विकायचा विचार डोक्यात येत नाही. २०२२च्या जानेवारीत माइक झेकनं काढलेलं स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचं एक पान ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. ती बातमी वाचून जे या छंदात आले त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही.

मूळ पानं मात्र बघत राहा, विकत घ्यायची नसली तरी. अमेरिकन कॉमिकचं पान ११ बाय १७ इंचांच्या ब्रिस्टल बोर्डवर, म्हणजे जाड गुळगुळीत कागदावर असतं, त्यात चित्राची चौकट १० बाय १५ची. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीची पानं याहून बरीच मोठी असत. कागदावर फिकट निळी पेन्सिल दिसेल, छपाईच्या कॅमेऱ्याला ती दिसत नसे म्हणून कच्चं रेखाटन तिच्यात. चुकलेल्या रेघांवर पांढरा रंग असतो, समासात लेखकासाठी चित्रकारानं खरडलेल्या सूचना असतात, मुखपृष्ठावर नावाची पट्टी फोटोप्रत काढून वर चिकटवलेली असते आणि तिचा गोंद पिवळा पडलेला असतो. छापील अंकात यातलं काहीच दिसत नाही. माणूस तिथे बसून काम करत होता, याचा हा पुरावा.

आणि ही पानं आपल्यापर्यंत पोचतात तीही भांडून. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या अमेरिकन कंपन्या चित्रकाराला त्याचं पान परत देत नसत. नील ॲडम्ससारख्या चित्रकारांनी तो प्रश्न लावून धरला. जॅक कर्बीनं मार्व्हलसाठी किती हजार पानं काढली असतील, पण १९८७मध्ये त्याच्या हाती परत आली ती दोनेक हजार. पान विकत घेणाऱ्यानं हे ठाऊक ठेवावं, म्हणजे चित्रकाराशी दोन-पाचशेवरून घासाघीस करताना जीभ जरा अडखळते.

आजच्या पानांत एक मेख आहे. पेन्सिलनं चित्र काढणारा एका गावात, त्यावर शाई फिरवणारा दुसऱ्या. पेन्सिलचं पान स्कॅन होऊन जातं, तिकडे ते फिकट निळ्या रेघांत नव्या बोर्डवर छापतात, यालाच ब्लूलाइन म्हणतात, आणि त्यावर शाई करतात. म्हणजे एकाच पानाची दोन 'ओरिजिनल' तयार होतात. एकावर फक्त पेन्सिल आणि दुसऱ्यावर फक्त शाई. दोन्ही खरी, पण दुसऱ्यावर पेन्सिलवाल्याचा हात लागलेलाच नसतो. विक्रेता 'अमुकचं ओरिजिनल' एवढंच म्हणाला तर विचार, ब्लूलाइन आहे का? हा प्रश्न विचारला की समोरचा तुला नवखी समजत नाही. आणि जो पूर्ण काम टॅब्लेटवर करतो त्याच्याकडे कागद नसतोच. तो सही करून देईल ती प्रिंट. आवडली तर घे, पण प्रिंट म्हणून घे.

आता तुझ्या वेताळाकडे येऊ. इंद्रजाल १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियानं मुंबईत सुरू केलं, आणि सुरुवातीच्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांची. आतली चित्रं परदेशी वर्तमानपत्रांतल्या पट्ट्यांची, पण मुखपृष्ठ इथल्या माणसानं इथे रंगवलेलं. म्हणून तुझी निवड मला पसंत आहे. पण तू पाठवलेल्या फोटोत आभाळ पिवळट दिसतंय. तो पिवळा साठ वर्षांच्या स्वस्त कागदाचा आहे, गोविंदांच्या रंगाचा नाही. तुझ्या चित्रकारानं तोच पिवळा मन लावून घोटला तर तो कागदाचं म्हातारपण रंगवेल. त्याच अंकाच्या दोन-तीन वेगळ्या प्रतींचे फोटो मिळव आणि त्याला दे. रंग कसे ठरवायचे ते त्याचं त्याला ठरवू दे. छपाईत रंगांचे ठसे सरकून वेताळाच्या खांद्याबाहेर लालसर कड आली असेल, तीही काढायची का? मी म्हणेन नको. पण तुला ती कड लहानपणापासून आवडत असेल तर तसं स्पष्ट लिही, नाहीतर तो बिचारा चूक समजून सुधारून टाकेल.

मथळ्याचं काय करायचं, हा याहून मोठा प्रश्न. मुखपृष्ठ रंगवणारा वरचा भाग नावासाठी मोकळा सोडतो. अक्षरं काढून टाकलीस तर तिथे एक रिकामं आभाळ उरतं आणि सगळं चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. अक्षरं ठेवलीस तर ती हातानं काढणारा हवा. आपल्याकडचे बरेच तरुण चित्रकार शरीररचना, घोडा, जंगल सगळं झकास काढतात आणि देवनागरी अक्षर आलं की टाइप केलेला फॉन्ट चिकटवतात. मला ते सहन होत नाही. तुझ्या माणसाला अक्षरांचे नमुने मागून बघ. जमत नसेल तर अक्षरं पारदर्शक ॲसिटेटवर वेगळी करून चित्रावर ठेवायची पद्धत आहे. दोन माणसांनी मिळून केलेलं काम म्हणून ते वाईट नाही.

चित्रकार निवडताना त्यानं केलेल्या नकला पाहू नकोस, त्याची स्वतःची चित्रं पाहा. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये टेबलं मांडून बसलेली मंडळी असतात, तिथे उभी राहून वही चाळता येते. चालता घोडा कुठे काढलाय का बघ. उभा घोडा कुणीही काढतो. हल्ली यंत्राकडून चित्र बनवून, ते फिकट छापून वर शाई फिरवणारेही निघालेत. म्हणून कच्च्या पेन्सिलच्या टप्प्याचा फोटो मागायचा, आणि तो करारातच घालायचा. खऱ्या चित्रकाराला याचा राग येत नाही, उलट तो आनंदानं चार जास्त पाठवतो.

पत्रात नेमकं लिही. कागदाचा आकार, माध्यम, रंगीत की शाईचं, किती आकृत्या, पार्श्वभूमी पूर्ण हवी की सुचवलेली, साधारण कधीपर्यंत. बदलायचं नाही असं एकच काहीतरी सांग, म्हणजे वेताळाची उभं राहण्याची ढब म्हण. बाकी त्याच्यावर सोड. कच्चं रेखाटन आलं की काय म्हणायचं ते एकदाच म्हण आणि मग गप्प बस. पूर्ण झालेल्या चित्रात 'जरा डोळे मोठे करा' म्हणणारं गिऱ्हाईक पुढच्या वेळी रांगेत शेवटी जातं. उशीर होईल. होऊ दे. महिन्यातून एकदा विचारपूस पुरे. आणि 'ओळखीतला आहे, करून देईल' हे कधीही करायचं नाही. आपल्याकडे लग्नात मेंदी काढणाऱ्या मुलीला पैसे देतात आणि चित्र काढणाऱ्या भावाला चहा पाजतात.

चित्र तयार झालं की मागच्या बाजूला त्याच्याच हातानं लिहवून घे: 'बी. गोविंद यांच्या मुखपृष्ठावरून', अंकाचा क्रमांक, स्वतःचं नाव, साल, आणि स्पष्ट शब्दांत 'रिक्रिएशन'. पुढून सही आहेच, तरीही. उद्या तुझ्या पश्चात ते कुणाच्या हाती जाईल आणि तो ते साठच्या दशकातलं म्हणून विकेल, हे सहज घडतं. बिल आणि तुमचा पत्रव्यवहार छापून चित्रासोबत एका पाकिटात ठेव.

एक गोष्ट मात्र मी मोडू देणार नाही. त्या चित्राच्या प्रिंट, टी-शर्ट, कॉफीचे मग काढायचे नाहीत, मैत्रिणींसाठीसुद्धा. कागद तुझा झाला तरी वेताळाचे हक्क किंग फीचर्स या अमेरिकन कंपनीचे आहेत. बार्क्सच्या गोष्टीचा उरलेला भाग असा, की १९७६ साली त्याच्या एका चित्राच्या विनापरवाना प्रती विकायला आल्या आणि डिस्नेनं परवानगीच मागे घेतली. एकाच्या हव्यासानं रांगेतले सगळे उपाशी राहिले, आणि म्हाताऱ्याच्या हातातलं आवडतं काम गेलं ते वेगळंच. पुढे काही वर्षांनी नव्या करारानं ते पुन्हा सुरू झालं, पण मधली वर्षं गेली ती गेली.

जपण्याचं थोडक्यात सांगतो. लॅमिनेशन करायचं नाही. हे मी ओरडून सांगतोय असं समज. सेलोटेप चित्राला लावायची नाही. फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड ठोकेल, त्याला आधी आम्लमुक्त माउंटबोर्ड घालायला लाव, आणि काचेला चित्र टेकू नये म्हणून मध्ये जागा ठेवायला सांग, नाहीतर तुमच्या डोंबिवलीच्या पावसाळ्यात रंग काचेला चिकटेल. मार्करचे रंग उजेडात उडतात, म्हणून त्याला जलरंग किंवा चांगल्या दर्जाचा गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरायला सांग. इंडियन इंक टिकते. बाहेरच्या भिंतीवर टांगायचं नाही, ओल येते. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेम उतरवून मागची बाजू बघ, कसर लागली का ते. कुरिअरनं मागवणार असशील तर नळीत गुंडाळून नको, दोन कडक पुठ्ठ्यांत सपाट.

आणि या वाटेनं पुढे जायचं ठरलंच, तर आपल्या घरातले हात विसरू नकोस. अमर चित्र कथेत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांनी काढलेली पानं समोर ठेवून बघ. मुळिकांचीच रेघ पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्समध्ये नागराजला मिळाली. मुळिकांची गर्दी आणि वाईरकरांची गर्दी यांतला फरक तुला न सांगता कळायला लागला, की मग मूळ पानाच्या शोधात नीघ. त्याआधी नाही.

त्या चित्रकाराची कागदावरची तीन-चार कामं, शक्यतो पेन्सिलची, मला पाठव. ती बघून सांगतो. आईला नमस्कार.

तुझा,
काका