रेटिंग अडकलंय? आधी हरलेले डाव उघडा

सहा महिने बुद्धिबळाचं रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) जागचं हलत नाही म्हणून खचू नका, इथे बरेच जण अडकतात. फक्त नवीन ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करायला बसू नका. ही नेहमीची चूक. या पातळीवर डाव जातो तो बहुतेक वेळा फुकट दिलेल्या मोहऱ्यामुळे.

तीन मिनिटांचे डाव काही दिवस बंद. १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंद जादा, असा रोज एकच खेळा. स्वतःची चाल ठरवण्याआधी समोरच्याच्या चालीने काय बदललं ते बघा: शह, मार, धमकी. घोडा हलला की नवी घरं धरतो, तशी जुनी सोडतोही. हे दुसरं हमखास निसटतं.

हरलेला डाव लगेच इंजिनला (चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामला) दाखवू नका. कुठे काय वाटलं होतं ते आधी वहीत लिहा.

एंडगेमचं (थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्याचं) सध्या एवढंच:

पांढरा राजा ई६ (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी), पांढरं प्यादं ई५, काळा राजा ई८. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळून बघा. मग हेच कडेच्या प्याद्याने करून बघा, तिथे बरोबरी होते. का, ते स्वतः शोधा.