वालिसची वाइन आणि तांबडा रस्सा : तुमची बाटली खराब नव्हती

आपण लिहिले आहे की गेल्या दिवाळीत झुरिकच्या घरी कोल्हापुरी मटणासोबत वालिस या स्विस प्रांतातली महागडी रेड वाइन उघडली, ती सगळ्यांना कडू आणि घसा जाळणारी लागली, आणि बाटली खराब निघाली असे समजून आपण उरलेली ओतून दिली. आता सासरची मंडळी सांगलीहून येत आहेत, त्यांना घेऊन वालिसमधल्या सिओं शहराजवळच्या एका वाइनरीत जायचे आहे, आणि तिथून कोणत्या सहा बाटल्या घ्याव्यात हे आपल्याला हवे आहे. हे वाचताना मला माझेच नऊ वर्षांपूर्वीचे जेवण आठवले, म्हणून सविस्तर लिहिते. मी या व्यवसायातली नाही. बारा वर्षे बर्नमध्ये राहते, जवळजवळ दर वर्षी वालिसमधल्या वाइनच्या तळघरांत जाते आणि घरी रोज मराठी स्वयंपाक करते, एवढाच माझा अधिकार. प्रत्येकाच्या घरचे तिखट निराळे असते, तेव्हा माझे म्हणणे आपल्या जिभेवर तपासूनच घ्या.

ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा हे आपल्याला ठाऊक असणार, ते सोडून देते.

माझी चूक अशी झाली. आईवडील आले होते, यजमानांच्या कार्यालयातली चार माणसे जेवायला यायची होती आणि मी तांबडा रस्सा करणार होते. बर्नमधल्या एका दुकानात जाऊन विचारले, तेव्हा विक्रेत्याने जेवणात काय आहे एवढेच ऐकून घेतले आणि ठामपणे सांगितले की तिखट जेवणाला तशीच तगडी वाइन हवी. त्याने वालिसची सिरा ही रेड वाइन पुढे केली. ओकच्या पिंपात मुरवलेली, साडेचौदा टक्के अल्कोहोल, ३८ फ्रँकला एक बाटली. मी बारा घेतल्या, म्हणजे ४५६ फ्रँक मोजले. त्या रात्री रश्शाचा दुसरा घास आणि वाइनचा पहिला घोट एकत्र आले आणि समोरच्या पाहुण्याने ग्लास हळूच ताटापासून दूर सरकवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या वडिलांनी तर पाण्याचा तांब्याच जवळ ओढून घेतला. तीन बाटल्या उघडल्या, एकही संपली नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी बाटली घेऊन त्याच दुकानात गेले. विक्रेत्याने वास घेतला, एक घोट घेतला आणि वाइन निर्दोष आहे असे सांगितले. ते खरेच होते. पण मग सल्ला चुकला, निदान न उघडलेल्या नऊ बाटल्या तरी परत घ्या, असे मी म्हटले, तेव्हा त्याने दोष तुमच्या जेवणात आहे असे उत्तर दिले. ते शब्द मला आजही टोचतात. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण त्याहून मोठे हे की पुढे दोन वर्षे आपल्या जेवणाबरोबर वाइन चालतच नाही असे मी मानून बसले आणि घरी पाहुणे आले की रस्सा करायचेच टाळले.

दोष जेवणात नव्हता आणि वाइनमध्येही नव्हता, तो जोडीत होता. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना चेतवते, तेच संवेदक उष्णतेची जाणीव करून देतात, आणि अल्कोहोल त्यांना अधिकच हळवे करते. म्हणून वाइन जितकी तगडी, तितकी जळजळ जास्त. त्यात टॅनिनचा, म्हणजे रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा आणि ओकचा कडवटपणा भाजलेल्या जिभेवर दुप्पट जाणवतो. त्या विक्रेत्याने सांगितले त्याच्या बरोबर उलटे करायला हवे : तिखट जितके जास्त, तितके अल्कोहोल कमी, टॅनिन कमी, वाइन थंड आणि थोडी गोडी शिल्लक असलेली.

हे मला वालिसमधल्या वेत्रो गावाजवळच्या एका छोट्या तळघरात कळले. तिथल्या वयस्कर बाईंनी ग्लास भरण्याआधी मला विचारले की तुमच्या घरच्या जेवणात आंबट काय असते, गोड काय असते आणि तिखट किती असते. इतकी वर्षे मला हे कुणी विचारले नव्हते. त्यांनी आमीन्य नावाची पांढरी वाइन ओतली. तिची द्राक्षे जगात जवळजवळ वेत्रोच्या परिसरातच होतात, आणि तिथल्या बाटलीवर छापलेल्या मधमाश्या पाहून गोडी ओळखता येते. एक मधमाशी म्हणजे लिटरमागे ८ ग्रॅमपर्यंत साखर, दोन म्हणजे ९ ते २५ ग्रॅम, तीन म्हणजे त्याहून जास्त. मी दोन मधमाश्यांची बाटली घरी आणली आणि भरल्या वांग्यांबरोबर उघडली. शेंगदाण्याचे कूट, गोडा मसाला, चिंच आणि गूळ असलेल्या त्या रश्शापुढे पहिल्यांदाच वाइन आंबट किंवा रोड लागली नाही. तिला संत्र्याच्या सालीचा वास होता आणि घास गिळल्यावरही तो मागे राहिला.

इथे गुळाबद्दल एक सांगायलाच हवे, कारण मराठी जेवणात ही गोष्ट फार आडवी येते. पदार्थात वाइनपेक्षा जास्त गोडी असेल, तर वाइन लिंबासारखी आंबट लागते. आपली आमटी आपल्याला गोड वाटत नाही, पण वाइनला ती गोड असते. उलट कोकम किंवा चिंच भरपूर असेल आणि वाइनमध्ये आम्लता कमी असेल, तर वाइन पाण्यासारखी मिळमिळीत होते. गोडीच्याच कारणाने पुरणपोळीबरोबर कोणतीही वाइन देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यावर तूप घ्यावे आणि वाइन बाजूला ठेवावी.

आता सहा बाटल्यांचे. वालिस हा स्वित्झर्लंडमधला सर्वांत मोठा वाइनचा प्रांत आहे. रोन नदीच्या खोऱ्यात दोन्हीकडे उंच पर्वत असल्यामुळे ढग अडतात आणि सिओंला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आल्प्सच्या कुशीत असूनही तो भाग आपल्या दुष्काळी पट्ट्याइतकाच कोरडा आहे. डोंगरउतारावरून बीस नावाच्या जुन्या पाटांनी बर्फाचे पाणी शेतापर्यंत आणले जाते. फोएन नावाचा उष्ण वारा शरद ऋतूत द्राक्षे पिकवतो, त्यामुळे इथल्या वाइनमध्ये साखर, आणि पर्यायाने अल्कोहोल, चांगले चढते. डोंगराची वाइन म्हणजे हलकीच असणार, ही आपली समजूत इथे फसवते. लेबलावरचा टक्क्यांचा आकडा वाचल्याशिवाय बाटली घेऊ नका.

मी आपल्या जागी असते तर दोन बाटल्या फाँदाँच्या घेतल्या असत्या. शासला द्राक्षाच्या वाइनला वालिसमध्ये हे नाव आहे. बहुधा १२ टक्क्यांच्या आसपास, आम्लता सौम्य, वास मंद. जाणकार तिला साधी म्हणतात, पण राक्लेत आणि फाँदू या वितळलेल्या चीजच्या पदार्थांबरोबर स्विस लोक तीच पितात, आणि लोण्याचा गोळा ठेवलेल्या थालीपिठाबरोबर किंवा साबुदाणा वड्याबरोबर ती फार छान लागते. दोन बाटल्या दोन मधमाश्यांच्या आमीन्यच्या घ्या. वांगी, मसालेभात आणि मध्यम तिखटाचा रस्सा हे सगळे ती सांभाळते. एक बाटली पेतीत आर्विन या पांढऱ्या वाइनची घ्या. तिच्या शेवटच्या चवीत मिठाचा हलका स्पर्श असतो आणि आम्लता खणखणीत असते, त्यामुळे रवा लावून तळलेल्या सुरमईला तिच्यासारखी जोड नाही. मात्र ती अनेकदा साडेतेरा टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून रश्शाच्या आसपासही आणू नका. सहावी बाटली दोलची. पिनो न्वार आणि गामे या काळ्या द्राक्षांच्या मिश्रणाची ही रेड वाइन कमी टॅनिनची असते. ती फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून द्या, म्हणजे रेडच हवी म्हणणाऱ्या सासऱ्यांचाही मान राहील.

कॉर्नालँ आणि उमान्य रूज या रेड वाइन वाइनरीत आपल्याला आग्रहाने चाखवतील. त्या सुंदरच आहेत, शरदातल्या हरणाच्या मांसाबरोबर तर अप्रतिम, पण तांबड्या रश्शासाठी नव्हेत. नावांचा एक घोळ ध्यानात ठेवा : पर्वतापलीकडे इटलीच्या आओस्ता खोऱ्यात ज्याला कॉर्नालँ म्हणतात, ते द्राक्ष म्हणजे वालिसचे उमान्य रूज, आणि वालिसचे कॉर्नालँ हे वेगळेच द्राक्ष आहे. उमान्य ब्लांशचाही उमान्य रूजशी काही संबंध नाही. सिरा आवडत असेल तर ती मिरीच्या मटणाबरोबर ठेवा. सिरा आणि काळी मिरी या दोन्हींत रोटंडोन नावाचे एकच सुगंधी संयुग असते. माझ्या उरलेल्या नऊ बाटल्या मी मिरचीशिवाय, फक्त भरडलेली मिरी, आले आणि तूप घालून केलेल्या सुक्या मटणाबरोबर दोन हिवाळ्यांत संपवल्या, आणि तेव्हा कळले की वाइन किती उत्तम होती.

वाइनरीत जाण्याआधी एक काम करा. सिओंच्या कोणत्याही साध्या खाणावळीत वाइन डेसिलीटरवर, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या मापाने, मिळते. एकेक डेसिलीटर मागवून तीन-चार प्रकार जेवणाबरोबर चाखून घ्या. तळघरात रिकाम्या तोंडी चाखलेली वाइन आणि ताटाजवळची वाइन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी तर आता डब्यात थोडे कोरडे वांगे आणि भाकरीचा तुकडा नेते आणि परवानगी विचारून चाखताना खाते. आजवर कुणी नाही म्हटले नाही.

सासरची मंडळी परत जाताना बाटल्या नेणार असतील, तर भारतात माणशी दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्काशिवाय नेता येते. पाऊण लिटरच्या तीन बाटल्या झाल्या की सव्वादोन लिटर होतात. तेव्हा माणशी दोनच बाटल्या द्या आणि निघण्यापूर्वी नियम बदलला नाही ना, हे पाहून घ्या. स्विस वाइन देशाबाहेर जेमतेम एक-दोन टक्के जाते, सांगलीत ती विकत मिळण्याची आशा ठेवू नका.

आपल्या रश्शात सुकी मिरची किती असते आणि आंबटासाठी टोमॅटो घालता की दही, हे कळवलेत तर आमीन्य एका मधमाशीची घ्यावी की दोनची, हे नेमके सांगता येईल.