शिक्षकांचे प्रश्न : टीव्ही सुरू करण्याआधी

या अंकासाठी वर्गातल्या पडद्याविषयी, टॅबविषयी आणि मोबाइलविषयी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या प्रश्नांचे मूळही तिथेच सापडते.

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. रक्ताभिसरणावरचा बारा मिनिटांचा चांगला व्हिडिओ दाखवला. मुलांनी आवडीने, शांतपणे पाहिला. दुसऱ्या दिवशी ‘फुप्फुसांकडे रक्त कोणत्या कप्प्यातून जाते?’ असे विचारले, तर चार-पाच हात वर आले. व्हिडिओ बदलू की पद्धत?
– सहशिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, व्हिडिओ राहू द्या. त्या बारा मिनिटांत मुलांना करायला काहीच नव्हते, ते द्या. चित्र सरकत राहते, निवेदन पुढे जात राहते आणि मागचे पचायच्या आत पुढचे येऊन आदळते. पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते. ते खरोखर समजले का, हे मुलालाही कळत नाही.

आधी एका वाक्यात लिहा : तास संपताना मुलाला पुस्तक मिटून काय करता आले पाहिजे? इथे ते असे होईल : ‘चार चौकोन काढून रक्ताचा पूर्ण मार्ग बाणांनी दाखवता येईल.’ आता व्हिडिओतला या वाक्याला उपयोगी नसलेला भाग गाळा. लाल पेशी, रक्तगट, हृदयविकार हे आजच्या तासाचे नाही. बारापैकी चार-पाच मिनिटेच उरतील आणि तेवढी पुरतात. त्याचे दीड-दोन मिनिटांचे तीन तुकडे करा. कुठे थांबायचे ती वेळ (मिनिट आणि सेकंद) पाठ टाचणात लिहून ठेवा. वर्गात अंदाजाने थांबवायला गेलात, तर वाक्य अर्धवट तुटते.

चाळीस मिनिटांच्या तासिकेची मांडणी अशी करता येईल. पहिली सहा-सात मिनिटे टीव्ही बंद. मुले मनगटावर नाडी शोधतील, ३० सेकंद मोजून दुप्पट करतील, मग जागेवर वीस उड्या मारून पुन्हा मोजतील. मग फळ्यावर प्रश्न लिहा : शरीरभर एक फेरी पूर्ण करताना रक्त हृदयातून एकदा जाते की दोनदा? प्रत्येकाने वहीत उत्तर आणि कारण लिहायचे. चुकले तरी चालेल, पण कोरे ठेवायचे नाही. आधी अंदाज बांधलेले मूल व्हिडिओत काहीतरी शोधत असते.

पहिला तुकडा शरीराकडून उजव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात), तिथून उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात). थांबवा आणि पडदा झाका. हे महत्त्वाचे आहे. चित्र समोर गोठलेले राहिले, तर मुले ते उतरवून काढतात, आठवत नाहीत. टीव्हीवर जाड कापड टाकले तरी काम होते. लॅपटॉपवर स्लाइड शो सुरू असेल, तर ‘बी’ अक्षराची कळ दाबली की पडदा काळा होतो. दोन मिनिटांत आठवेल तेवढे वहीत काढायचे, शेजाऱ्याशी ताडून पाहायचे आणि मग तोच तुकडा पुन्हा दाखवायचा. दुसऱ्यांदा मुले आपली चूक शोधत पाहतात, म्हणून या पुनरावृत्तीला कंटाळा येत नाही. दुसरा तुकडा फुप्फुसांपर्यंत जाऊन परत डाव्या अलिंदात येण्याचा, तिसरा डाव्या निलयातून शरीराकडे जाण्याचा. शेवटची सात-आठ मिनिटे वही मिटून, कोऱ्या कागदावर पूर्ण मार्ग.

या पाठात तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, डावे-उजवे. आकृतीत हृदयाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला दिसते. वही आकृती बाहेर करून स्वतःच्या छातीला लावायला सांगा, गोंधळ तिथेच मिटतो. दुसरी, निळा रंग. ऑक्सिजन कमी असलेले रक्त निळे दाखवतात आणि मुले ते खरेच निळे मानतात. ते गडद लाल असते, हे तोंडाने सांगावेच लागते. तिसरी, शब्द. निवेदनात एक शब्द येतो आणि पुस्तकात दुसरा : ‘आर्टरी’, ‘धमनी’, ‘रोहिणी’ हे सगळे एकाच रक्तवाहिनीचे शब्द. व्हिडिओ लावण्याआधी पुस्तकातले शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि बोट त्यांच्याकडे न्या.

निवेदक जे बोलतो तेच शब्दशः पडद्यावर उमटत असेल, तर मुलाचे लक्ष वाचणे, ऐकणे आणि चित्र पाहणे यांत विभागते. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनात हे वारंवार दिसले आहे. अपवाद एक : निवेदन मुलांच्या सवयीच्या भाषेत नसेल, तर मोजके मुख्य शब्द पडद्यावर असणे मदतीचे ठरते.

दुसऱ्या दिवशी उजळणी म्हणून व्हिडिओ परत लावू नका, तीन प्रश्न विचारा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवडाभरानंतर मात्र न पाहता आठवून लिहिलेले पुढे गेले. म्हणून ‘मुलांना आजच सगळे येते’ यावर विसंबू नका. तोच मार्ग आठवड्याने पुन्हा काढून घ्या, त्याला पाच मिनिटेच लागतात.

प्रश्न : लोकवर्गणीतून ४३ इंची टीव्ही घेतला. मागच्या मुलांना अक्षरे दिसत नाहीत. प्रोजेक्टर घ्यावा का? वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर टीव्ही चालेल का?
– मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सर, आधी हिशेब करू. आरामात वाचता येण्यासाठी अक्षराची उंची अंतराच्या साधारण दोनशेवा भाग हवी. मागचे मूल ६ मीटरवर असेल, तर ३ सेंटिमीटर. तुमच्या पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर आहे, म्हणजे एक अक्षर पडद्याच्या अठराव्या भागाएवढे हवे. पॉवरपॉइंटच्या रुंद स्लाइडची उंची ५४० पॉइंट (फाँटचा आकार ज्यात मोजतात ते माप) असते. तिचा अठरावा भाग ३० पॉइंट. फाँटचा जो आकडा आपण निवडतो त्यात वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते. मूळ अक्षर त्याच्या सुमारे ६० टक्के भरते. म्हणून आकडा ४८ ते ५० ठेवा. अशा स्लाइडवर सहाच ओळी बसतात. सहा ओळींत मावत नसेल, तर तो मजकूर फळ्याचा किंवा पुस्तकाचा आहे, पडद्याचा नाही.

तयार व्हिडिओतली अक्षरे तुमच्या हातात नसतात. तिथे मुलांना पुढे घ्या. मुले जमिनीवर बसत असतील, तर हे सोपे आहे : साडेतीन मीटरच्या आत अर्धवर्तुळ करा. टीव्ही खिडकीच्या समोरच्या भिंतीवर असेल, तर काचेत खिडकीच दिसते. खिडक्यांना काटकोनात असलेली भिंत निवडा.

प्रोजेक्टरचे चित्र मोठे पडते, पण काळा रंग खोलीच्या उजेडापेक्षा गडद होऊ शकत नाही. खिडक्यांना पडदे नसतील, तर चित्र फिके पडते आणि नकाशे, छायाचित्रे धुऊन निघतात. शिवाय दिव्याच्या प्रोजेक्टरला बंद केल्यावर काही मिनिटे पंखा चालू राहावा लागतो. मध्येच वीज गेली, तर तापलेला दिवा थंड होत नाही आणि त्याचे आयुष्य घटते. खोली अंधारी करता येत नसेल आणि विजेचा भरवसा नसेल, तर टीव्हीच ठेवा.

इन्व्हर्टरबद्दलही तुम्ही विचारले आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॉट-तास ऊर्जा असते. त्यातली निम्मीच वापरायची असे धरा. टीव्हीला ८० वॉट लागतात असे मानले, तर दिवसाचे दोन तास सहज भागतात. तुमच्या टीव्हीचा खरा आकडा मागच्या पट्टीवर छापलेला असतो.

प्रश्न : वर्गात ५२ मुले, फोन एकच, माझा. सगळ्यांना समजले का हे लगेच कसे पाहू? विषय गणित, इयत्ता सहावी.
– सहशिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : ‘प्लिकर्स’ हे ॲप याच कामासाठी आहे. प्रत्येक मुलाला वेगळ्या आकृतीचे कागदी कार्ड मिळते. कार्ड कोणत्या बाजूने वर धरले, त्यावरून अ, ब, क, ड ठरते आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवता. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, तुम्हाला ६३ कार्डांचा मोठा संच छापावा लागेल. कार्डे चकचकीत लॅमिनेट करू नका, उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला ती वाचता येत नाहीत. जाड कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. बोटे आकृतीवर आली तरी वाचन फसते, म्हणून कडेला धरायला शिकवण्यात पहिला तास जाईल असे धरा. मुलांच्या नावांऐवजी हजेरी क्रमांक टाका. मुलांची नावे बाहेरच्या सर्व्हरवर जायचे कारण नाही. इंटरनेट लागते. रेंज नसेल, तर पाटी घ्या : सगळ्यांनी लिहायचे आणि तुमच्या इशाऱ्यावर एकदम वर करायचे. माहिती तीच मिळते.

खरे कौशल्य प्रश्न रचण्यात आहे. दशांश अपूर्णांकांसाठी ‘०.६, ०.४५, ०.१२५ यांतला मोठा कोणता?’ हा प्रश्न फसवा आहे. ‘अंक कमी तेवढी संख्या मोठी’ असे चुकीचे मानणारे मूलही ०.६ निवडते आणि बरोबर ठरते. त्याऐवजी ०.४, ०.६५, ०.३१८ द्या. आता ०.३१८ निवडणारा ‘अंक जास्त म्हणजे मोठी’ असे समजतो, ०.४ निवडणारा उलटे समजतो आणि ०.६५ निवडणाऱ्याला बहुधा समजले आहे. चौथा पर्याय ‘सांगता येत नाही’ ठेवा, अंदाजपंचे उत्तरे कमी होतात.

चुकणाऱ्यांना लगेच शून्ये जोडून ०.४००, ०.६५०, ०.३१८ करायला सांगू नका. उत्तर बरोबर येते, समज तशीच राहते. आधी शंभर चौकटींच्या कागदावर ०.४ म्हणजे चाळीस आणि ०.६५ म्हणजे पासष्ट चौकटी रंगवून घ्या. ०.३१८ साठी एकतीस चौकटी पूर्ण आणि बत्तिसाव्या चौकटीचे दहा भाग करून त्यांतले आठ. रुपये-पैशांचे उदाहरण इथे जपून वापरा : ४.५ रुपये म्हणजे चार रुपये पाच पैसे, हीच चूक त्यातून पक्की होते.

प्रश्न : द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. सहा टॅब मिळाले आहेत. कसे वापरावेत?
– सहशिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : तुम्ही पहिलीचे वाचन घेत असताना दुसऱ्या इयत्तेची मुले टॅबवर, हा सर्वांत उपयुक्त वापर. एका टॅबवर दोनच मुले. चार बसवली की दोघे नुसते बघतात. वेळ १२ ते १५ मिनिटे, मध्यावर टॅब धरणारा बदलायचा. काम बोलून नको, कागदावर द्या : ‘हा पाठ ऐका, पाच प्राण्यांची नावे लिहा.’ कागद तपासता येतो.

‘दीक्षा’ या शासनाच्या शैक्षणिक ॲपवरचा आशय रेंज असलेल्या ठिकाणी आधी उतरवून घ्या, मग तो इंटरनेटशिवाय चालतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फाटला किंवा पुसला गेला, तर त्याखालचा सहा अक्षरी कोड ॲपमध्ये टाइप करा. स्वयंचलित अपडेट बंद ठेवा, नाहीतर रेंज मिळताच सगळा डेटा त्यात जातो. टॅबवर १ ते ६ क्रमांक लिहा आणि जोडी-टॅब कायम ठेवा. बिघाड कुठे आणि केव्हा झाला, हे चटकन कळते.

प्रश्न : घरी केलेली मराठी स्लाइड शाळेच्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात.
– शिक्षक, ठाणे

उत्तर : तुम्ही जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केले आहे आणि तो फाँट शाळेत नाही. यापुढे युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाइली घरच्या संगणकावर उघडून पीडीएफ म्हणून साठवा. त्यात फाँट सोबत जातो. पहिली-दुसरीसाठी एक लक्षात घ्या : ‘मंगल’ फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. अक्षरओळख शिकवताना मुलांना पुस्तकातले वळणच दिसले पाहिजे, त्यामुळे फाँट निवडण्याआधी ही दोन अक्षरे टाइप करून पुस्तकाशी ताडून पाहा.