वाचकांचे प्रश्न : उबवणुकीची अंडी आणि फेज

प्रश्न : पहिल्याच आठवड्यात बेंबी सुजून पिल्ले दगावतात. फॉर्मॅलिनच्या धुरीऐवजी अंड्यांवर बॅक्टेरियोफेज (जिवाणू फोडणारे विषाणू, थोडक्यात फेज) फवारले, पण फरक पडला नाही. काय चुकले?

उत्तर : फेज धुरीची जागा घेऊ शकत नाही. धुरी जिवाणू आणि बुरशी दोन्ही मारते. फेज ठराविक जिवाणूचे काही वाणच फोडतो. म्हणून आधी ताज्या मेलेल्या पिलांच्या बलकाच्या पिशवीतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून घ्या. बहुतेकदा ई. कोलाय निघतो. त्याच्याच थरावर तुमच्याकडच्या फेजचा थेंब टाकून पाहायला सांगा. स्वच्छ, पारदर्शक डाग पडला तरच ते औषध तुमच्या कामाचे. धूसर डागावर विसंबू नका. एकाच फेजला जिवाणू लवकर दाद देईनासे होतात, तेव्हा अनेक फेजांचे मिश्रणच घ्या.

दुसरा संशय पाण्यावर. नळाच्या पाण्यातला क्लोरीन फेजला निकामी करतो. लिटरला 0.1 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट घालून ढवळा, मगच फेज मिसळा. मूळ द्रावणात मिलिलिटरला 1,000 कोटी फेज असतील, तर 10 मिली घेऊन एक लिटर करा; म्हणजे मिलिलिटरला 10 कोटी उरतात. पंपात आधीच्या जंतुनाशकाचा अंशही नको.

सर्वांत महत्त्वाची वेळ. घातलेले अंडे सुमारे 41 अंशांवर असते. ते थंड होताना आतला भाग आकसतो, हवेची पोकळी तयार होते आणि कवचाच्या छिद्रांतून जिवाणू आत ओढले जातात. आत गेलेल्यांना बाहेरचा फेज गाठत नाही. त्यामुळे अंडी गोळा केल्याबरोबर फवारा, शीतखोलीत ठेवल्यावर नव्हे. द्रावण अंड्यापेक्षा किंचित कोमट हवे. गार द्रावणाने तीच ओढ वाढते. बारीक तुषार उडवा. कोरड्या कवचावर फेज जागचा हलत नाही, म्हणून पातळ ओलावा लागतो. पण थेंब ओघळले तर जिवाणूंनाच वाट मिळते. विष्ठा लागलेली अंडी सरळ बाजूला काढा. दुसरी फवारणी उबवणुकीच्या 18व्या दिवशी, हॅचरमध्ये (जिथे पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात त्या यंत्रात) हलवताना करा. तिथे एका पिलाची घाण पिसांच्या धुळीबरोबर सगळीकडे पसरते.

प्रश्न : हे पिलांना अपायकारक नाही ना?

उत्तर : फेज कोंबडीच्या पेशीत वाढत नाही. फेजच्या शोधकांपैकी एक, फेलिक्स द'हेरेल यांनी 1919 मध्ये फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडवर तो वापरला होता. मात्र जिवाणूला लगेच फोडणारेच फेज घ्या. जिवाणूच्या जनुकांत लपून राहणारे फेज विषाची जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात नेऊ शकतात, ते नकोत. बाटली 4 अंशांवर, अंधारात ठेवा.